कापसाचा कोपरा

दिवाळी मागे पडली की आमच्या परतूरच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. जिनिंगकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून त्यांच्या काट्यांनी चिमूट चिमूट काढून घेतलेला असतो तो. पूर्वी बैलगाड्या जायच्या तेव्हा तो खालच्या फांद्यांवर असे. आता ट्रक जातात, म्हणून शेंड्यापर्यंत चढलाय. बाकी काही बदललेलं नाही. वासही तोच. उन्हाचा, सरकीचा, कापसातून चुकून आलेल्या वाळक्या पाल्याचा. तो वास आला की मी अठरा वर्षांची होते, आणि उठायला गेले की गुडघे मला माझं खरं वय सांगतात.

यंदा नातवानं गोदाम झाडायला काढलं. उन्हाळ्यात त्याचं लग्न झालंय, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट नव्यानं लावावी असं त्याला वाटतंय. दाराआडच्या कोपऱ्याशी तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आजी, इथं दरसाल कापूस कशाला रचून ठेवायचा? चांगली जागा अडून राह्यली की."

"गाण्यासाठी," मी म्हटलं.

"गाण्यासाठी?"

"शास्त्र आहे ते. तुझ्या पणजोबांनी घालून दिलेलं."

आमच्या गोदामात कधीकाळी गाणं होत असे हे तो ऐकून आहे. पण हे शास्त्र खरं कुठून आलं ते ज्यांना ठाऊक होतं, त्यातली आता मी एकटी उरले. म्हणून लिहून ठेवते.

मी तीर्थपुरीची. लग्न होऊन परतूरला आले त्या वर्षीचा तो हंगाम. निजामाचं राज्य होतं, तहसिलीतले कागद उर्दूत असत आणि आमच्याही बोलण्यात निम्मी उर्दू असे, फक्त ती उर्दू आहे हे आम्हाला माहीत नसे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, घरची शेती सांभाळून कापसाचा व्यापार करीत. आसपासच्या गावांतला कापूस गोदामात उतरवून घ्यायचा आणि तिथून जिनिंगला पाठवायचा. त्या वर्षी त्यांनी नवं गोदाम बांधलं. दगडी भिंती, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. वास्तुशांत झाली, गावजेवण झालं, तरी त्यांचं मन भरेना. त्यांना त्या गोदामात गाणं हवं होतं, आणि तेही मुनव्वरबाईंचंच.

तरुणपणी जालन्याला एका व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नात त्यांनी मुनव्वरबाईंना ऐकलं होतं. एकदाच. पण ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की मामंजी "त्या दिवशी" एवढं म्हणाले की आत्याबाई भाकरी थापता थापता पुढचं वाक्य पुरं करीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गाणाऱ्या बाईला घरी बोलवायचं हे त्यांना बिलकुल पसंत नव्हतं. त्यांनी तसं तोंडानं सांगितलं नाही. भांडी घासताना सांगितलं. तरीही मामंजींनी तहसिलीतल्या एका कारकुनाकडून झोकदार उर्दूत पत्र लिहवून घेतलं, आणि कुणाला वाटलं नव्हतं तरी हैदराबादेहून होकार आला.

मग मामंजींना झोप लागेना. गाणाऱ्या माणसाला लागतं काय? जांबच्या देवळात एक म्हातारे कीर्तनकार होते, त्यांना विचारायला ते गाडी जुंपून गेले. कीर्तनकार म्हणाले, "ऐकणारे लागतात." एवढ्या लांब जाऊन एवढंच उत्तर मिळालं, याचा मामंजींना थोडा राग आला. हे काम आपल्यालाच डोकं लावून करावं लागणार, असं ठरवून ते परत आले.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून पक्की होती. कापसाच्या गोदामात दिवा चालत नाही, बिडी चालत नाही, हुक्का तर नाहीच. ठिणगी पडली तर हंगाम गेला. म्हणून गाणं दिवसाउजेडी व्हायचं होतं, दुपारी चारला. पश्चिमेच्या मोठ्या दारातून ऊन आत येतं, ते सरळ बैठकीवर पडेल असा त्यांचा हिशेब होता.

तयारी आठ दिवस चालली. शेजारच्या गल्लीतला चाँदभाई पिंजारी आपली ती माणसाएवढी कमान घेऊन आला आणि गोदामाच्या ओट्यावर रुई पिंजायला बसला. दिवसभर तिच्यावर ताणलेल्या तातीचा टंग टंग आवाज. पोरं म्हणायची, गाणं सुरू झालं. मामंजींनी गाद्या करवल्या त्या हातभर जाडीच्या. टेकायला लोड केले. पाहुण्यांच्या पाठीला दगडाचा गारवा लागू नये म्हणून चारी भिंतींना पुरुषभर उंचीचा कापूस रचला आणि वरून पांढरी कापडं सोडली. पत्रा तापतो, म्हणून वर वाशांना रजया बांधल्या. वारा येतो, म्हणून दाराखिडक्यांवर वाकळी टांगल्या. खुद्द मुनव्वरबाईंच्या बैठकीसाठी पहिल्या वेचणीचा कापूस, जो एरवी देवाच्या वातींसाठी बाजूला ठेवतात, तो काढला. आमच्याकडं जे होतं, तो कापूस होता, आणि मामंजींनी त्यात हात आखडता घेतला नाही.

आता यातच आमचं एक गुपित आहे, ते सांगून टाकते. आजच्या पोरींना खरं वाटणार नाही, पण त्या काळी नवरा-बायकोनं घरात एकमेकांशी बोलायचं म्हणजे चोरीचा मामला. लग्नाला सहा महिने होऊन गेले होते आणि आमच्या ह्यांचा आवाज मी मुख्यतः बैलांशी बोलताना ऐकला होता. तयारीच्या पहिल्या दिवशी दाराआडचा कोपरा रचायचं काम आम्हा दोघांना मिळालं. मामंजी कीर्तनकारांकडून परत आले तेव्हाचा त्यांचा चेहरा ह्यांनी करून दाखवला, आणि मला असं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबायलाही वेळ मिळाला नाही. हसले ती खळखळून. मग एकदम आठवलं. दारावरच्या वाकळीच्या पलीकडं, चार हातांवर, आत्याबाई मूग निवडत बसल्या होत्या.

वाकळ जराशी सारून पाहिलं. आत्याबाई मूग निवडतच होत्या.

हे म्हणाले, "परत हस बरं." मी परत हसले. काही नाही. मग हे हसले, मोठ्यानं, गडगडाट करून. आत्याबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला, एवढंच. त्या कोपऱ्यात कापसाच्या मधोमध उभं राहून कितीही बोला, कितीही हसा, बाहेर कवडीचा आवाज जात नव्हता. पुढचे आठ दिवस तो कोपरा नीट रचून होईचना. रोज काहीतरी ढासळायचं आणि आम्हाला जावं लागायचं. मला माझा नवरा तिथं भेटला असं म्हटलं तरी चालेल. तो इतका गमत्या माणूस आहे हे मला लग्नात कुणीच सांगितलं नव्हतं.

मुनव्वरबाई आल्या त्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं. उंच, पन्नाशीच्या, पांढरी साडी, नाकात एकच खडा. सोबत सारंगीवाले बशीरमियाँ, बरेच म्हातारे, आणि एक तबलजी. मामंजींनी दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, आणली होती, तीतही कापूस भरला होता, आणि त्यात तंबोरा निजवला होता. मामंजी स्वतः स्टेशनपासून पायी चालत आले. साथीदारांची उतरायची सोय चाँदभाईकडं होती. बाईंची सोय पेढीवर, म्हणजे गोदामाच्या पुढच्या खोलीत, केली होती, कारण आत्याबाईंच्या भांड्यांनी तसं ठरवलं होतं.

बाई दमणीतून उतरल्या आणि धुरळ्यानं त्यांना खोकला आला. बराच वेळ थांबेना. आत्याबाई दारातून बघत होत्या. त्यांनी एकदा पेढीकडं पाहिलं, एकदा बाईंकडं.

"एकली बाईमाणूस पेढीवर निजंल व्हय?" त्या मामंजींवर कडाडल्या. "काही समजतं का तुम्हाला? आत आणा तिला. सूनबाई, पानी ठेव गरम."

आठ दिवसांची नाराजी अशी एका खोकल्यात संपली. कपबशी मात्र वेगळी निघाली. त्या काळी निघायचीच.

संध्याकाळी मी भाकरी करत होते आणि मुनव्वरबाई चुलीपाशी बसून गरम पाण्याची वाफ घेत होत्या. आत्याबाईंनी वांग्याचं भरीत, मेथी, लोणी असं ताट वाढलं होतं. त्यातली अर्धी भाकरी बाईंनी कशीबशी संपवली होती. बाई दखनीत बोलायच्या, मधूनच आमच्यासाठी मराठी मिसळायच्या. मी विचारलं, इतक्या लांब आमच्या गावात यायला त्या तयार कशा झाल्या?

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "साल हो गया बेटी, मैं गाई नै. बुखार आया, गला ले के गया. हैदराबाद में बैठी, और नै जमा, तो पूरे शहर कू मालूम. तुमारे परतूर में किसकू मालूम?" आणि हसल्या. "कल जमा तो जमा. नै जमा तो तंबोरा किसी बच्ची कू दे देती. बस."

त्यांनी ते इतकं सहज सांगितलं की मला भाकरी उलटायचं भान राहिलं नाही. करपलेली भाकरी त्यांनी मागून घेतली आणि म्हणाल्या, हीच मला आवडते. आवडत नसावी. पण त्या वेळी मी मनात म्हटलं, देवा, उद्या बाईंचं जमू दे.

सकाळी त्या गोदाम बघायला गेल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होते. मामंजी एकेक गोष्ट हात लावून दाखवत होते: ह्या गाद्या, हे लोड, ह्या वरच्या रजया. बाई म्हणाल्या, "इत्ती मुलायम बैठक तो मैं दरबार में बी नै देखी." मामंजींचा चेहरा असा फुलला की मला त्यांच्याकडं बघवेना. बाई बसल्या त्या कमरेपर्यंत आत गेल्या. तंबोरा जुळवला. बशीरमियाँनी सारंगीवर कान टेकवला. त्यांना तसंही कमीच ऐकू येई. आणि बाईंनी डोळे मिटून सा लावला.

आवाज तोंडातून निघाला आणि त्यांच्या गुडघ्यापुढं पडला.

त्यांनी पुन्हा लावला, जोर देऊन. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या, आणि मग त्या थांबल्या. डोळे उघडून समोर बघत राहिल्या. वर्षभर ज्याची धास्ती घेतली होती तेच कानांनी ऐकवलं, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर शेकडो बैठकी केलेली बाई. एरवी त्यांनी पहिल्या स्वराला कारण ओळखलं असतं. पण धास्ती बसलेल्या माणसाला दुसरं कारण सुचत नाही. त्यांनी तंबोरा आडवा ठेवला, मामंजींना हात जोडले आणि विचारलं, दुपारची गाडी किती वाजता आहे.

घरी एकच गोंधळ. चारला गाणं, तहसीलदारसाहेबांना आवतण गेलेलं, तीर्थपुरीकडच्या गाड्या तर सकाळीच निघालेल्या. मामंजी ओसरीवर मटकन बसले. पण आब जाईल, लोक हसतील, यातलं काही ते बोलले नाहीत. "माझं काय चुकलं?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते.

"पोटभर जेवली न्हाई ती," आत्याबाई म्हणाल्या. "तिथंच चुकलं."

मी बाईंना तोंड धुवायला मागच्या आडावर नेलं. त्या काठावर वाकल्या, पाण्याकडं बघितलं आणि नकळत त्यांच्या तोंडून एक स्वर निघाला. अख्खा आड घुमला. मी टाळ्याच पिटल्या. "बघा! आवाज आहे की तुमचा!"

त्यांनी डोळे पुसले आणि हसू आणून म्हणाल्या, "बेटी, कुएँ में तो मेंढक बी उस्ताद रहता."

झालं. माझा पुरावा बेडकानं खाल्ला. पण बेडूक मनातून जाईना. आडात बेडूक उस्ताद होतो, आणि गोदामात? गोदामात हे गडगडाट करून हसले होते आणि आत्याबाईंनी मुगातला खडा उचलून टाकला होता. मी तिथंच थबकले. मला कळलं. आणि कळल्याबरोबर हेही कळलं की ते सांगायचं तर आणखी काय काय सांगावं लागेल.

ओसरीवर आले. मामंजी खांबाला टेकून बसलेले. चाँदभाई बातमी ऐकून धावत आलेला. बाई तंबोऱ्याला गवसणी घालत होत्या. अंगणात हे मुकाट्यानं दमणी जुंपत होते. मी दाराआड उभी. नव्या सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नसतं, आणि उघडलंच तर असल्या गोष्टीसाठी तर नाहीच. गवसणीची पहिली गाठ बसली. दुसरी बसली. तिसरी गाठ मारून झाली की तंबोरा कुणा पोरीकडं जाणार होता.

"गोदामातनं आवाज येत न्हाई," मी म्हटलं.

सगळे दाराकडं बघायला लागले. मामंजी म्हणाले, "तुला काय म्हाईत?"

"आम्ही हसतो तिथं."

"कोण आम्ही?" हे आत्याबाईंनी विचारलं.

मी जमिनीकडं बघितलं. अंगणात ह्यांनी बैलांच्या गळ्यातली आधीच घट्ट असलेली जोती आणखी घट्ट करायला घेतली. बैलानंसुद्धा मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

"कधी?" आत्याबाई.

"तुम्ही दारात मूग निवडत होता तवा."

"मी दारात, तुम्ही आत हसून राह्यले, अन् मला ऐकू आलं न्हाई?"

"न्हाई. रोज हसलो. एकदाबी न्हाई."

माझे कान इतके तापले होते की त्यांवर पापड भाजला असता. मग चाँदभाईनं दोन्ही हातांनी कपाळ बडवलं. "तोबा तोबा! मालक, कापूस आवाज खातो! माझ्या घरी येऊन बघा की. आम्ही नवरा-बायकू ओरडूनच बोलतो. लोकान्ला वाटतं, भांडून राह्यले. अन् माझ्याच ध्यानात आलं न्हाई!"

बाईंचे हात गाठीवर थांबले होते. त्या माझ्याकडं बघत होत्या, पण विश्वास ठेवायची हिंमत होत नव्हती. पुन्हा एकदा आशा धरायची म्हणजे सोपं नसतं.

आत्याबाई उठल्या. "मी बघते. तुम्ही समदे भाइर उभे ऱ्हा."

आम्ही सगळे गोदामाच्या दाराबाहेर उभे राहिलो आणि आत्याबाई एकट्या आत गेल्या. वाकळ पडली. आम्ही कान लावून उभे. पाखरं ऐकू आली, दूर कुणाची मोट ऐकू आली, पण आतून काही नाही. थोड्या वेळानं आत्याबाई बाहेर आल्या, चेहरा लालबुंद, धाप लागलेली.

"ऐकलं?"

"न्हाई," मामंजी म्हणाले. "ओरडली व्हतीस?"

"बराबर तीनदा."

"काय ओरडलीस?"

"ते तुम्हाला काय करायचं?" असं म्हणून त्यांनी पदर सावरला. मला पक्की खात्री आहे, त्यांनी मामंजींना नावानं हाक मारली असणार. उभ्या जन्मात ती संधी त्यांना एकदाच मिळाली.

मुनव्वरबाई खाली पायरीवर बसल्या आणि दोन्ही हातांत तोंड धरून हसू लागल्या, आणि मग रडू लागल्या, आणि मग नेमकं काय करत होत्या ते सांगता येत नाही. आत्याबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पुढचे चार तास परतूरनं कापूस वाहिला. गाणं ऐकायला आलेली माणसं गाड्या सोडून कामाला लागली. रजया खाली, वाकळी खाली, भिंती उघड्या. बाहेर अंगणात पांढरा डोंगर उभा राहिला आणि तहसीलदारसाहेबांचा घोडा त्यातली सरकी खात उभा राहिला. मामंजी मिठीत मावेल तेवढा कापूस उचलून पळत होते. सगळं रिकामं झाल्यावर बाईंनी टाळी वाजवली. ती पत्र्याला, भिंतीला, फरशीला आपटत चारपाचदा परत आली.

"इत्ता बी नक्को," बाई म्हणाल्या. त्यांचा सूर बदलला होता. आता त्या पाहुण्या राहिल्या नव्हत्या, कामावर आल्या होत्या. "वो दीवार पे थोडा लाव. हौ. इधर का निकालो. ऊपर एक रजई रहने दो." टाळी वाजवायच्या, कान द्यायच्या, बोट दाखवायच्या. मामंजी कापूस घेऊन हुकूम होईल तिकडं धावत होते. तंबोरा जुळवावा तसं त्यांनी आमचं गोदाम जुळवलं. मामंजींना वाटलं अजून जास्त घुमतंय, तर म्हणाल्या, लोक बसले की उतरेल. ऐकणारी माणसं बसतील तेवढी जागा आवाजात आधीच सोडून ठेवायची असते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. जांबचे कीर्तनकार बरोबर बोलले होते.

शेवटी दाराआडचा तो कोपरा राहिला. चाँदभाई तिथला कापूस उपसायला वाकला, तशी माझी नजर तिकडं खिळली, आणि बाईंनी ती पाहिली.

"वो कोना रहने दो," बाई म्हणाल्या.

मामंजी थांबले. "का हो बाई? तिथं घुमतं का?"

बाई अतिशय गंभीर झाल्या. "आवाज थकता ना. उसकू बी कहीं जा के सोने की जगा होना."

मामंजींनी मान डोलावली. तहसीलदारसाहेब तेवढ्यात आत आले होते, तेही म्हणाले, "वाह, क्या इल्म है!" मी पाण्याचा तांब्या पुढं केला. बाईंनी तो घेतला आणि तांब्याआडून माझ्याकडं बघून एक भुवई अशी काही उचलली की मी पळत घर गाठलं.

गाण्याचं काय सांगू? चारचं ऊन दारातून आलं आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. आम्ही बायका एका अंगाला पडद्यामागं बसलो होतो. बाईंनी सा लावला. तो भिंतीपर्यंत गेला, भिंतीला हात लावून परत आला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मी नंतर फक्त बाळंतिणीच्या चेहऱ्यावर पाहिलं. मग त्या भीमपलास गायल्या. आवाजाला एक खरखर होती, आजाराची. वरच्या एका स्वराशी त्या दोनदा गेल्या आणि तो हाती लागला नाही. तिसऱ्यांदा त्या त्याला हसून वळसा घालून पुढं गेल्या, आणि आमच्या गावच्या शेतकऱ्यांनी, ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, अशी दाद दिली की पत्रा हलला. मला रडू आलं. आनंदानंच आलं, पण आलं. मध्येच आत्याबाई उठल्या आणि गरम पाणी आत पाठवलं, ते हाताला लागलेल्या पहिल्या कपात. कोणता कप ते त्या विसरल्या, की विसरल्यासारखं केलं, हे त्यांनी मला मरेपर्यंत सांगितलं नाही.

दिवा लावायचा नव्हता, म्हणून उजेड संपला तिथं गाणं संपलं. शेवटी बाईंचा चेहरा दिसेनासा झाला, नाकातला खडा तेवढा दिसत होता. नंतर कळलं, त्या हिवाळ्यात हैदराबादेत त्या गायल्या, आणि पुढं कितीतरी वर्षं गात राहिल्या.

एवढ्या वर्षांत आमच्याकडं किती गाणारे-वाजवणारे येऊन गेले. त्यातून मला एवढंच कळलं की पाहुण्याला आपण आपल्याकडं जे उदंड असतं तेच देत सुटतो. कुणी खाऊ घालून बेजार करतं, कुणी बोलून. त्याला काय लागतं ते विचारायला धीर लागतो, आणि दिलेलं परत उचलून न्यायला तर त्याहून जास्त. मामंजींनी चार तास स्वतःच्या हातांनी आपला पाहुणचार बाहेर काढला. त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त अभिमान त्याचाच वाटतो.

कोपऱ्याचं शास्त्र मात्र त्यांनी जन्मभर पाळलं. दर हंगामाला तो कोपरा आधी भरायचा, मग बाकीचं गोदाम. येणाऱ्या प्रत्येक उस्तादाला ते समजावून सांगत, आणि आश्चर्य म्हणजे सगळे उस्ताद गंभीरपणे हो म्हणत. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. फक्त अधूनमधून त्या म्हणायच्या, "मी अन् हे जांबला जाऊन येतो. तुम्ही दोघं तो कोपरा तेवढा नीट रचून घ्या. ढासळल्यासारखा दिसून राह्यलाय." चेहरा अगदी कोरा ठेवून म्हणायच्या. पुढं निजामाचं राज्य जाताना वाईट वर्षंही आली. एक हंगाम असा गेला की परतूरात कुणी गायलं नाही, कुणी हसलं नाही, आणि गाव सोडून गेलेल्या चाँदभाईची कमान आमच्या त्या कोपऱ्यात कापसाखाली झाकून होती. पाऊस सरल्यावर तो आला, कमान खांद्यावर घेतली, तात एकदा टंग करून पाहिली आणि कामाला लागला. त्या दिवशी आम्ही दोघं कोपऱ्यात जाऊन हसलो नाही, नुसते उभे राहिलो.

ह्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. घर तेच आहे, माणसं वाढली. टीव्ही सतत चालू, जिन्यावर पोरं, स्वयंपाकघरात कायम कुणीतरी. नवी नातसून गरीब स्वभावाची आहे. सहा महिने झाले, तिला मोठ्यानं बोलताना मी ऐकलेलं नाही. नातू तिच्याशी काय बोलतो तेही कुणी ऐकलेलं नाही.

तर काल दुपारी नातू पुन्हा आला. "मंग काय करू आजी, काढू का तो कोपरा?"

"काढू नको," मी म्हटलं. "ढासळलाय तो. तू अन् ती, दोघं जाऊन नीट रचून घ्या. घाई करू नका. शास्त्राचं काम आहे."

दोघं आत गेली. मी सूप मागवलं, दाराशी पाट टाकला आणि मूग निवडत बसले. पुष्कळ वेळ बसले. आतून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.